मठातले गूढ आणि पोथीतला पुरावा

इ.स. १३२७ हे वर्ष महाराष्ट्राच्या इतिहासात एका विलक्षण निर्णयासाठी ओळखले जाते. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक याने आपली राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलविण्याचा घाट घातला तो याच सुमारास. जागतिक साहित्यात मात्र हेच वर्ष वेगळ्याच कारणाने अजरामर झाले आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये उत्तर इटलीतील डोंगरावरच्या एका श्रीमंत मठात सात दिवसांत एकामागून एक भिक्षू मरण पावतात आणि विल्यम ऑफ बास्करव्हिल हा फ्रान्सिस्कन साधू त्या मृत्यूंचा छडा लावू पाहतो. ही घटना अर्थातच काल्पनिक असून ती उंबर्टो एको या इटालियन विद्वानाच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘द नेम ऑफ द रोझ’ या कादंबरीतील आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती जगात घडणाऱ्या ऐतिहासिक रहस्यकथा हा आज इंग्रजी वाचकांच्या आवडीचा प्रस्थापित साहित्यप्रकार आहे. त्याची ओळख करून घेताना मराठी वाचकाने आपल्या मध्ययुगाकडे, विशेषतः मराठीच्या आद्य ग्रंथांशी नाते सांगणाऱ्या बीड जिल्ह्याकडे, पाहिले तर बरेच काही हाती लागते.

साहित्यप्रकाराचे स्वरूप

ऐतिहासिक रहस्यकथेत दोन साहित्यप्रकारांचा संगम होतो. काळ जुना असतो, पण कथेचा गाभा गुन्हा आणि त्याचा तपास हाच असतो. आगाथा ख्रिस्ती यांनी १९४४ साली ‘डेथ कम्स ॲज द एन्ड’ ही कादंबरी प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर लिहिली. या प्रकारातील आरंभीच्या महत्त्वाच्या प्रयत्नांत तिची गणना होते. मध्ययुगाकडे लेखकांचा मोठा ओढा निर्माण झाला तो मात्र १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून.

मध्ययुगच का, याची कारणे शोधणे अवघड नाही. त्या काळी ठशांचे शास्त्र नव्हते, रक्ताची रासायनिक परीक्षा नव्हती, पोलीस खातेही नव्हते. तपास करणाऱ्याजवळ डोळे, कान, माणसांची पारख आणि तर्क एवढीच साधने असत. दुसरीकडे मठ ही रहस्यकथेला फार सोयीची जागा. तेथे माणसे मोजकी, दारे ठरल्या वेळी बंद होणारी, दिवसाचे प्रहर प्रार्थनेच्या घंटेने बांधलेले. कोण कोठे असावयास हवे होते आणि कोण नव्हते, हे घंटेवरूनच कळते. शिवाय मठात ग्रंथालय असते, औषधशाळा असते, स्मशानभूमी असते, आणि राजसत्ता व धर्मसत्ता यांचे हितसंबंध भिंतींच्या आत येऊन पोहोचलेले असतात. या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, जेथे चमत्काराचे स्पष्टीकरण सहज स्वीकारले जाते तेथे पुरावा मागणारा माणूस उभा केला की संघर्ष आपोआप तयार होतो.

ब्रदर कॅडफेलची वनौषधींची बाग

या प्रकाराला लोकप्रियता मिळवून देण्याचे श्रेय एलिस पीटर्स यांच्याकडे जाते. हे टोपणनाव असून लेखिकेचे खरे नाव एडिथ पार्जिटर (१९१३–१९९५). इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात जन्मलेल्या पार्जिटर यांनी आपल्याच भागातील श्रूजबरी गावचा बेनेडिक्टाइन मठ कथांसाठी निवडला. १९७७ मध्ये ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’ ही पहिली कादंबरी आली आणि १९९४ पर्यंत कादंबऱ्यांची संख्या वीसवर गेली. कथांचा काळ इ.स. ११३७ ते ११४५ असा आहे. राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांच्यातील यादवीने इंग्लंड त्या वेळी पोळून निघत होते.

नायक ब्रदर कॅडफेल हा वेल्श. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला, समुद्र पाहिलेला आणि उतारवयात मठात येऊन वनौषधींची बाग सांभाळणारा. माणसांचे रागलोभ त्याने जगून पाहिलेले असल्याने तो गुन्हेगाराचा विचार करताना न्यायाबरोबर दयेचाही विचार करतो. ‘मंक्स हूड’ या १९८० च्या कादंबरीत ज्या विषाने मृत्यू घडतो ते कॅडफेलनेच सांधेदुखीवर चोळण्यासाठी केलेल्या तेलातले असते. ती वनस्पती आपल्याकडील बचनागाच्याच कुळातील. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेचे, हे आयुर्वेदाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला वेगळे सांगावयास नको.

या मालिकेचे सामर्थ्य इतिहासाच्या वापरात आहे. इ.स. ११३८ मध्ये स्टीफनने श्रूजबरीचा किल्ला जिंकून तेथील शिबंदीला फाशी दिले, ही घडलेली गोष्ट. ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९) या कादंबरीत मृतांना मूठमाती देण्याचे काम कॅडफेलकडे येते. फाशी दिलेले चौऱ्याण्णव, आणि प्रेते मात्र पंचाण्णव. राजाच्या न्यायाच्या ढिगात कोणीतरी आपला गुन्हा दडवला आहे, हे त्याला केवळ मोजणीने कळते. शेकडो माणसे मरत असताना एका माणसाच्या मृत्यूचा हिशेब मागणे व्यर्थ आहे, असे आजूबाजूचे म्हणत असताना तो हिशेब मागतो. मालिकेची नैतिक बैठक या एका प्रसंगातून कळून येते. १९९४ ते १९९८ या काळात डेरेक जॅकोबी यांनी ही भूमिका ब्रिटिश दूरचित्रवाणीवर साकारली. पुढे १९९९ पासून ब्रिटनमधील गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने ऐतिहासिक रहस्यकथेसाठी पुरस्कार सुरू केला, तो प्रारंभी एलिस पीटर्स यांच्याच नावाने दिला जात असे.

एको, ट्रेमेन आणि टे

एको (१९३२–२०१६) हे बोलोन्या विद्यापीठात चिन्हमीमांसेचे प्राध्यापक होते. त्यांच्या कादंबरीत मठाचे ग्रंथालय हाच चक्रव्यूह आहे. तेथे पोचण्याचा मार्ग गुप्त, कपाटांची रचना गूढ, आणि एका मृत भिक्षूच्या टिपणातील मजकूर राशिचक्राच्या चिन्हांच्या सांकेतिक लिपीत लिहिलेला. सर्व धागे अखेर एका हरवलेल्या ग्रंथापाशी येतात. ‘बास्करव्हिल’ हे नाव शेरलॉक होम्सची आठवण करून देते, तर ‘विल्यम’ हे तत्कालीन तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम याची. खुनांचे कोडे सोडवणे हा कथेचा वरचा थर असून त्याखाली ज्ञान कोणाच्या ताब्यात असावे, हा प्रश्न आहे. १९८३ मध्ये विल्यम वीव्हर यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि १९८६ मध्ये शॉन कॉनरी यांची भूमिका असलेला चित्रपट.

पीटर ट्रेमेन (खरे नाव पीटर बेरेसफर्ड एलिस) यांनी सातव्या शतकातील आयर्लंड निवडले. त्यांची सिस्टर फिडेल्मा ही साध्वी आहेच, शिवाय प्राचीन आयरिश कायद्याची जाणकार वकीलही आहे. १९९४ सालच्या ‘ॲब्सोल्युशन बाय मर्डर’ या पहिल्या कादंबरीला इ.स. ६६४ च्या व्हिटबी धर्मसभेची पार्श्वभूमी आहे. इंग्लंडच्या नॉर्थम्ब्रिया राज्यातील चर्चने रोमची प्रथा पाळावी की आयरिश, हा वाद तेथे सुरू असताना खून होतो आणि सत्य कोणत्या पक्षाला सोयीचे, यावरच तपासाचे भवितव्य ठरू लागते.

जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) ही कादंबरी थोड्या वेगळ्या जातीची. येथे पाय मोडून रुग्णालयात पडलेला विसाव्या शतकातील पोलीस अधिकारी ॲलन ग्रँट पंधराव्या शतकातील खटला पुन्हा उघडतो. राजा तिसरा रिचर्ड याने आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांचा खून करविला, हा आरोप खरा काय? ग्रँट विचारतो, ही हकिगत लिहिणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष पाहणारा कोण? प्रसिद्ध वृत्तांत थॉमस मोरचा. पण घटनेच्या वेळी, १४८३ मध्ये, मोर हा लहान मूल होता. त्याला सांगणारा कोण, आणि सांगणाऱ्याचा स्वार्थ कोणता? कादंबरीने काढलेला निष्कर्ष सर्व इतिहासकारांना मान्य नाही. तरीही १९९० मध्ये ब्रिटिश गुन्हेकथा लेखकांनी सर्वोत्कृष्ट शंभर रहस्यकथांच्या यादीत तिला पहिला क्रमांक दिला, तो प्रश्न विचारण्याच्या तिच्या पद्धतीला.

मराठीतील दोन वेगळ्या वाटा

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा समृद्ध आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’पासून रणजित देसाईंच्या ‘स्वामी’पर्यंत आणि शिवाजी सावंतांच्या ‘छावा’पासून विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’पर्यंत तिचा विस्तार आहे. रहस्यकथेचीही परंपरा क्षीण नाही. झुंजार, काळापहाड यांसारखे नायक निर्माण करणाऱ्या बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून वाचकांच्या पिढ्या वाचनाला लावल्या. परंतु या दोन वाटा बहुतांशी स्वतंत्रपणेच चालत राहिल्या. आपली ऐतिहासिक कादंबरी प्रामुख्याने वीराची. तिचा वाचक नायकाच्या बाजूने आधीच उभा असतो. रहस्यकथेच्या वाचकाला मात्र अखेरच्या पानापर्यंत कोणाच्याही बाजूने उभे राहता येत नाही. इतिहासाकडे अशा तटस्थ, शंका घेणाऱ्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याकडे कादंबरीपेक्षा संशोधकांच्या वादांतून अधिक जोपासली गेली. त्यांतील काही ठळक वाद बीड जिल्ह्याशी निगडित आहेत.

अंबाजोगाईचा खटला

अंबाजोगाई गावाजवळच्या दरीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ मध्ये, लिहिला गेला असे परंपरा मानते. ज्ञानेश्वरीच्या (इ.स. १२९०) शंभर वर्षे आधीचा हा ग्रंथ असल्याने मुकुंदराज हे मराठीचे आद्यकवी ठरतात. पण या साध्या विधानातील जवळजवळ प्रत्येक शब्दावर विद्वानांनी हरकत घेतली आहे.

पहिला प्रश्न स्थळाचा. ग्रंथात वैन्यागंगा आणि अंबानगरी यांचा उल्लेख येतो. विदर्भातील अभ्यासकांनी वैन्यागंगा म्हणजे वैनगंगा असा अर्थ लावून नागपूर जिल्ह्यातील वैनगंगेकाठचे आंभोरा हेच मुकुंदराजांचे स्थान असल्याचे प्रतिपादन केले. परंपरेतील गुरू हरिनाथ यांचे स्थानही आंभोऱ्यास दाखविले जाते. अंबाजोगाईच्या बाजूने समाधी, गावाचे नाव आणि शतकानुशतकांची अखंड श्रद्धा हे पुरावे पुढे येतात. दुसरा प्रश्न राजाचा. ज्या जैत्पाळ राजासाठी ग्रंथ रचला गेला असे सांगतात तो यादव कुळातील जैत्रपाळ, की बैतूलजवळच्या खेडल्याचा जैत्पाळ? तिसरा प्रश्न काळाचा. उपलब्ध हस्तलिखितांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अर्वाचीन भासते. ती मुळातच तशी होती, की नकला करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोपी केली? रचनाकाळ सांगणारा मजकूर मूळचा, की मागाहून घातलेला? काही अभ्यासकांनी तर मुकुंदराजांना ज्ञानेश्वरांनंतरच्या काळात नेले आहे.

येथे पणाला लागलेली गोष्ट लहान नाही. आद्यकवीचा मान, एका गावाची ओळख आणि भक्तांची श्रद्धा या तिन्हींचा निकाल काही शब्दांच्या वाचनावर अवलंबून आहे. विल्यम किंवा ग्रँट या प्रकरणात काय करतील? ते समाधीचा पुरावा नाकारणार नाहीत. पण समाधी ही परंपरा किती जुनी हे सांगते, ग्रंथ कोठे लिहिला गेला हे तिच्यावरून सिद्ध होत नाही, एवढे बजावतील. नदीच्या नावातील ध्वनिसाम्यालाही ते हाच न्याय लावतील. साक्षीदार कशाची साक्ष देतो आणि कशाची देत नाही, हे वेगळे करणे हा तपासाचा पहिला धडा होय.

सुलतानाचा दात

कॅडफेलच्या पहिल्या कथेत श्रूजबरीच्या मठाला संत विनिफ्रेडच्या अस्थी हव्या असतात, कारण अस्थी आल्या की यात्रेकरू येतात आणि यात्रेकरूंबरोबर प्रतिष्ठा. वेल्समधून त्या अस्थी इ.स. ११३८ मध्ये खरोखरच आणल्या गेल्या होत्या. अवशेषाला स्मारक मिळाल्याची एक हकिगत बीडच्या मातीतही आहे, मात्र ती संताची नसून सुलतानाची आहे. मुहम्मद बिन तुघलक दक्षिणेच्या मोहिमेवर असताना बीडजवळ त्याचा दुखरा दात पडला, तो त्याने समारंभाने पुरला आणि त्यावर कबर बांधविली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. बीडजवळच्या करजणी परिसरातील टेकडीवरची वास्तू तीच असे मानले जाते.

येथेही टे यांच्या नायकाचा प्रश्न उपयोगी पडतो. तुघलकाचा मृत्यू इ.स. १३५१ मधला, फिरिश्ता लिहितो सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूरच्या दरबारात. मध्ये अडीचशे वर्षे गेली. तुघलकाची प्रतिमा तोवर लहरी सुलतान अशी पक्की झालेली होती, आणि अशा प्रतिमेला दाताची कबर फार शोभून दिसते. हकिगत त्यामुळे खोटी ठरत नाही. पण ती इतकी शोभते म्हणूनच अधिक काळजीने तपासली पाहिजे.

हरवलेला ग्रंथ आणि सांकेतिक लिपी

एकोच्या कादंबरीतील हरवलेला ग्रंथ आणि सांकेतिक लिपी या दोन्ही गोष्टी मराठीच्या इतिहासात प्रत्यक्ष घडलेल्या आहेत. गेवराई तालुक्यात गोदाकाठी असलेले पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे मोठे श्रद्धास्थान. या पंथाचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ म्हाइंभटांनी शके १२०० च्या, म्हणजे इ.स. १२७८ च्या, सुमारास सिद्ध केला. चक्रधरस्वामींचा सहवास लाभलेल्यांना गाठून, त्यांच्याकडून आठवणी ऐकून आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेऊन त्यांनी लीळा एकत्र केल्या. साक्षी गोळा करून तपासण्याची ही रीत कोणत्याही शोधकाला मान खाली घालावयास लावणारी आहे.

पुढे खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. हिराइसेच्या स्मरणावर आधारलेला पाठ त्यांपैकी प्रसिद्ध आहे. वेगवेगळे पाठ जुळत नसत तेथे मतभेद पुसून टाकण्याऐवजी त्यांची नोंद ठेवण्यात आली. त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, वज्र अशा नावांच्या सांकेतिक लिप्यांत लिहून जपले. त्यामुळे कित्येक शतके हे साहित्य पंथाबाहेरच्या मराठी वाचकांपासून दूर राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठी गद्याचा उगम किती मागे जातो, याची बाहेरच्या जगाला कल्पना आली. १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केले.

एकोचा ग्रंथ दडवला जातो तो लोकांच्या हाती पडू नये म्हणून. महानुभावांनी ग्रंथ लिपीच्या कुलपात ठेवले ते नष्ट वा भ्रष्ट होऊ नयेत म्हणून. दोन्ही ठिकाणी कुलूप आहे, पण हेतूंत महदंतर आहे. मध्ययुगातील धार्मिक संस्था म्हणजे कारस्थानांचे आगर, असा सोपा समज पाश्चात्त्य रहस्यकथा वाचून होऊ शकतो. तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू करू नये, याचे हे उत्तम उदाहरण.

शिलालेख काय सांगतात

यादव राजा दुसरा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याचे अंबाजोगाईशी घनिष्ठ नाते होते. त्याचा पुत्र राम गुजरातच्या मोहिमेत मारला गेला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देवालय उभारले, हे शके ११६२ च्या (इ.स. १२४०) अंबाजोगाई येथील लेखावरून कळते. राजधानीपासून दूरच्या गावात, तेराव्या शतकात, एक स्त्री आपले दुःख दगडात नोंदवते आणि साडेसातशेहून अधिक वर्षांनी ते वाचता येते. प्रशस्ती रचणारा कवी स्तुती अधिक करतो, हे गृहीत धरूनही असा लेख हा समकालीन साक्षीदार असतो. दाताच्या कबरीची हकिगत आणि हा लेख यांच्या प्रामाण्यातील फरक ज्याला कळला, त्याला इतिहासाची निम्मी रीत कळली असे म्हणता येईल.

याच गावच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) लिहिलेली ‘पासोडी’ सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर आहे. कागद, कापड, ताम्रपट, शिळा ही सारी साक्षीदारांचीच रूपे होत. त्यांना आयुष्याची मर्यादा आहे. वाळवी, ओल आणि अनास्था यांनी जे नष्ट होते त्याची उलटतपासणी पुन्हा कोणालाच करता येत नाही. श्रूजबरीचा मठ १५४० मध्ये राजाज्ञेने विसर्जित झाला. तरी त्याच्या नोंदी व इतिवृत्ते टिकून राहिली म्हणूनच एका लेखिकेला आठशे वर्षांनंतर तेथे वीस कादंबऱ्यांचे जग उभारता आले.

वाचकांसाठी

या साहित्याकडे प्रथमच वळणाऱ्यांनी ‘वन कॉर्प्स टू मेनी’पासून आरंभ करणे सोयीचे. कथानक वेगवान असून इतिहासाची पूर्वतयारी लागत नाही. पुराव्याच्या चिकित्सेत रस असणाऱ्यांनी ‘द डॉटर ऑफ टाइम’ निवडावी. ‘द नेम ऑफ द रोझ’चा आरंभीचा भाग धर्मशास्त्रीय वादांमुळे जड वाटतो, तेथे धीर धरणाऱ्याला पुढे भरपूर मिळते. कादंबरी हा मात्र इतिहासाचा पुरावा नव्हे, हे भान प्रत्येक वेळी ठेवणे आवश्यक. शेक्सपिअरच्या नाटकाने तिसऱ्या रिचर्डला कायमचा खलनायक करून टाकले. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला तेव्हा पाठीचा कणा वाकडा असल्याचे खरे निघाले, पण नाटकातला वाळलेला हात कोठेच नव्हता. मुकुंदराजांच्या काळावर किंवा लीळाचरित्राच्या हरवलेल्या प्रतीवर उद्या कोणी मराठीत रहस्यकादंबरी लिहिली, तर तिने वाचकाला निकाल देण्यापेक्षा पोथीपर्यंत नेऊन सोडावे. पोथ्या अजून आहेत, तोवर हे खटले उघडे आहेत.